सोडा स्प्रिंग्ज : मोहावीच्या जुन्या वाटेवरचा झरा पाहायला जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

लॉस एंजेलिस आणि लास वेगास यांना जोडणाऱ्या आय-१५ फ्रीवेवरून दक्षिण कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांचे जाणे-येणे नेहमीचेच आहे. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की वेगासची एक फेरी ठरलेलीच असते. बार्स्टो मागे पडल्यावर तासाभराच्या आत 'झायझिक्स रोड' अशी पाटी दिसते, गाडीतले सगळे त्या नावाला हसतात आणि गाडी पुढे निघून जाते. त्या एक्झिटपासून केवळ साडेचार मैलांवर, म्हणजे सुमारे सात किलोमीटरवर, सोडा स्प्रिंग्ज हा पाणवठा आहे. कोलोरॅडो नदीकडून पॅसिफिक किनाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या मोहावी वाटेवर माणसे आणि जनावरे शेकडो वर्षे ज्या झऱ्यांच्या आधाराने तगली, त्यांतील हा एक महत्त्वाचा झरा होय.

साध्या गाडीने जाता येईल असा या वाटेवरचा हा सर्वांत सोयीचा झरा असल्यामुळे नवख्यांनी सुरुवात येथूनच करावी. मात्र येथे एक गफलत हमखास होते. गाडी लावल्याबरोबर समोर तळे आणि ताडाची उंच झाडे दिसतात, माणसे त्यांचे फोटो काढतात आणि झरा पाहिला असे समजून परत फिरतात. ते तळे खोदलेले आहे आणि ती झाडे लावलेली आहेत. खरा झरा थोडा पुढे, टेकडीच्या पायथ्याशी आहे. तो लहान आहे आणि सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. पुढील टप्पे या एका गोष्टीवर नजर ठेवून लिहिले आहेत.

१. निघण्यापूर्वी : ही वाट कशी चालत असे ते समजून घ्या

ही पायरी पुष्कळ जण गाळतात. इतिहास माहीत नसेल तर सोडा स्प्रिंग्जला पाहण्यासारखे अर्ध्या तासाचेही काही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तो माहीत असेल, तर अर्धा दिवसही अपुरा पडतो.

कोलोरॅडो नदीकाठचे मोहावी लोक समुद्रकिनाऱ्यावरच्या जमातींशी व्यापार करण्यासाठी हे वाळवंट पायी ओलांडत असत. त्यांची वाट सरळ रेषेत जात नव्हती. ती एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत जात होती. नाणेघाट चढून गेलेल्यांनी तेथील कातळात खोदलेली पाण्याची टाकी पाहिली असतील. तेथे माणसांनी वाटेसाठी पाणी तयार केले, येथे मात्र पाणी जेथे होते तेथून वाट गेली. पूर्वेकडून निघाल्यास पायूट स्प्रिंग, रॉक स्प्रिंग, मार्ल स्प्रिंग्ज आणि मग सोडा स्प्रिंग्ज असा क्रम लागतो. मार्ल स्प्रिंग्ज ते सोडा स्प्रिंग्ज हा तीस मैलांहून अधिक लांबीचा टप्पा पूर्णपणे कोरडा आहे आणि त्याच्या शेवटी सोडा लेकचे पांढरे, सपाट, निर्जल पात्र ओलांडावे लागते. या बाजूने येणाऱ्या माणसाला पलीकडच्या डोंगराखालची हिरवी रेघ दिसली म्हणजे काय वाटत असेल, याचा अंदाज नकाशा समोर ठेवल्यावर सहज येतो.

मार्च १७७६ मध्ये फ्रान्सिस्को गार्सेस हे फ्रान्सिस्कन पंथाचे स्पॅनिश धर्मोपदेशक मोहावी वाटाड्यांच्या सोबतीने या मार्गाने किनाऱ्याकडे गेले. १८२६ मध्ये जेदेदाया स्मिथ हा फर-व्यापारी आपल्या माणसांसह येथून गेला आणि मध्येच जमिनीत लुप्त होणाऱ्या मोहावी नदीला त्याने बेभरवशाची नदी असे नाव दिले. पुढच्याच वर्षी, १८२७ मध्ये, तो पुन्हा आला तेव्हा कोलोरॅडोच्या काठी मोहावींनी केलेल्या हल्ल्यात त्याची दहा माणसे मारली गेली आणि उरलेल्यांना जेमतेम सामानानिशी हे वाळवंट पार करावे लागले. १८५४ मध्ये लेफ्टनंट व्हिपल यांची रेल्वेमार्गाची पाहणी या बाजूने झाली. १८५९ मध्ये कोलोरॅडोकाठी फोर्ट मोहावी उभारल्यावर लॉस एंजेलिसहून त्या ठाण्याला रसद पोहोचवणाऱ्या गाड्या याच मार्गाने जाऊ लागल्या. १८६० मध्ये मेजर कार्लटन यांच्या सैनिकांनी सोडा स्प्रिंग्जजवळ एक छोटी गढी बांधली आणि १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात टपालाच्या रक्षणासाठी येथे थोडी शिबंदी ठेवली जाई. १८८३ मध्ये दक्षिणेकडून लोहमार्ग गेला आणि लांब पल्ल्याची वाहतूक या वाटेवरून जवळजवळ उठली.

विसाव्या शतकात वाट जवळपास विस्मरणात गेली होती. डेनिस केसबियर या अभ्यासकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा शोधून काढली आणि दगडांच्या लहान राशी रचून ठिकठिकाणी खुणा केल्या. आज सुमारे १३८ मैलांची ही वाट फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या हौशी प्रवाशांना ठाऊक आहे. सोडा स्प्रिंग्ज पाहण्यासाठी त्या खडतर वाटेवर उतरण्याची गरज नाही.

२. ऋतू आणि वार ठरवा

ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा काळ उत्तम. जून ते सप्टेंबर या महिन्यांत दुपारचे तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे येथे नित्याचे आहे. झायझिक्सच्या पुढच्या बेकर गावात १३४ फूट उंचीचा तापमापक उभारलेला आहे. डेथ व्हॅलीत १९१३ मध्ये नोंदल्या गेलेल्या १३४ अंश फॅरनहाइट या उच्चांकाची ती खूण आहे. आपण कोणत्या मुलखात चाललो आहोत, हे त्यावरून ओळखावे. विदर्भातला उन्हाळा सोसलेली मंडळी 'आम्हाला सवय आहे' असे म्हणतात. तेथे गावोगावी सावली, माठ आणि माणसे असतात. येथे यांपैकी काहीही नाही आणि हवा इतकी कोरडी असते की आलेला घाम अंगावर जाणवतच नाही. त्यामुळे शरीरातले पाणी किती कमी झाले आहे हे चक्कर येईपर्यंत कळत नाही.

हिवाळ्यात दिवस आल्हाददायक असतो, पण सूर्य डोंगराआड गेला की थंडी झपाट्याने वाढते आणि पात्रावरून येणारा वारा बोचरा असतो. पाऊस पडून गेल्यावर लगेच जाऊ नये. रस्त्याला छेदणाऱ्या ओहोळांत गाळ साचलेला असतो आणि सोडा लेकचे पात्र आतून ओले असते.

शुक्रवारी संध्याकाळी वेगासच्या दिशेने आणि रविवारी दुपारी परतीच्या दिशेने फ्रीवेवर गाड्यांची रांग लागते. वेगासच्या फेरीला जोडून झरा पाहायचा असेल, तर जाताना शनिवारी सकाळी लवकर पाहून घ्यावा. रविवारी परतताना पाहू म्हटले, की तो राहून जातो.

३. कागदपत्रे आणि सामान

हा परिसर मोहावी नॅशनल प्रिझर्व्हमध्ये येतो. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या आणि सुमारे १६ लाख एकर पसरलेल्या या संरक्षित प्रदेशाला प्रवेशशुल्क नाही आणि सोडा स्प्रिंग्जच्या दिवसाच्या भेटीसाठी परवाना काढावा लागत नाही. तरीही पुढील गोष्टी जवळ असाव्यात :

- वाहन चालवण्याचा परवाना आणि गाडीच्या विम्याचा कागद.
- भाड्याची गाडी असल्यास तिचा करारनामा. तो केवळ जवळ ठेवू नका, वाचाही. कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास अनेक करारांत मनाई असते आणि येथील रस्त्याचा काही भाग खडीचा आहे.
- भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या पासपोर्टची प्रत आणि प्रवासी आरोग्यविम्याचे कार्ड.
- नियमित औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीचे प्रमाण वाढते, तेव्हा ज्येष्ठांनी उन्हातल्या प्रवासाबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे.
- माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी, आणि एखादा जास्तीचा कॅन गाडीतच. लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएसची पाकिटे.
- रुंद काठाची टोपी, गॉगल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट.
- हवा भरलेला सुटा टायर, जॅक आणि पाना. अनेक नव्या गाड्यांत सुटा टायर नसतो, हे निघण्याआधीच डिकी उघडून पाहावे.
- फोनमध्ये उतरवून ठेवलेला नकाशा.
- दुर्बीण. ती चैनीची वस्तू वाटते, पण डोंगरउतारावरच्या रानमेंढ्या तिच्याशिवाय दिसत नाहीत.

खाण्यासाठी दशम्या, धपाटे, चिवडा असे कोरडे काहीही उत्तम. झायझिक्सला दुकान नाही, टपरी नाही आणि पिण्याच्या पाण्याचा नळ मिळेल असे गृहीत धरू नये. निघण्याच्या आदल्या दिवशी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर या प्रिझर्व्हच्या पानावरील रस्त्यांची ताजी स्थिती पाहून घ्यावी. पुरामुळे येथील रस्ते कधी कधी दीर्घकाळ बंद राहतात.

४. फ्रीवेवरून झऱ्यापर्यंत

लॉस एंजेलिसहून अंतर सुमारे १७० मैल आणि लास वेगासहून सुमारे १०० मैल आहे. गाडीची टाकी लॉस एंजेलिसकडून येताना बार्स्टोत आणि वेगासकडून येताना निघतानाच भरून घ्यावी. बेकरमध्येही गॅस मिळतो, पण तेथील भाव पाहिल्यावर आधी भरला असता तर बरे झाले असते असे वाटते.

एक्झिट क्रमांक २३९ लक्षात ठेवा. लॉस एंजेलिसकडून येताना त्याआधी सहा मैलांवर २३३ क्रमांकाचा रेझर रोड लागतो. दोन्ही रस्ते फ्रीवेच्या दक्षिणेला उतरतात आणि नकाशावर दोन्ही त्याच डोंगराकडे जाताना दिसतात, म्हणून घोटाळा होतो. रेझर रोड वाळूत गाड्या पळवणाऱ्यांच्या मोकळ्या प्रदेशाकडे जातो. साध्या गाडीने तिकडून सोडा स्प्रिंग्जला येण्याचा प्रयत्न करू नये.

एक्झिट घेतल्यावर दक्षिणेकडे वळा. रस्ता सुरुवातीला डांबरी आहे, पुढे खडीचा होतो. पाऊस झालेला नसेल तर सेडान व्यवस्थित जाते, फक्त वेग ताशी वीस-पंचवीस मैलांवर ठेवावा. उजव्या हाताला सोडा पर्वताचे काळसर कडे आणि डाव्या हाताला सोडा लेकचे पात्र असते. मध्ये कडा इतका जवळ येतो, की रस्त्याला डोंगर आणि पात्र यांच्यातली चिंचोळी पट्टीच काय ती उरते. जुन्या वाटेवरचे प्रवासी, पुढे टोनोपा अँड टाइडवॉटर ही रेल्वे आणि आता आपण, सगळे याच पट्टीतून गेलो. त्या रेल्वेची वाहतूक १९४० मध्ये थांबली आणि नंतर रूळही उचलले गेले, परंतु मातीचा भराव काही ठिकाणी अजून ओळखू येतो.

फोनचा सिग्नल या रस्त्यावर भरवशाचा नाही. आत शिरण्यापूर्वी घरी कुणाला तरी आपण कोठे चाललो आहोत आणि किती वाजेपर्यंत बाहेर येऊ, असा संदेश पाठवून ठेवा आणि बाहेर आल्यावर पुन्हा कळवा.

५. पोहोचल्यावर काय, कोणत्या क्रमाने पाहावे

रस्ता संपतो तेथे ताडाच्या झाडांखाली बैठ्या इमारतींचा समूह दिसतो. हे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचे डेझर्ट स्टडीज सेंटर आहे आणि विद्यापीठ १९७६ पासून येथे वाळवंटाचे अभ्यासवर्ग घेत आले आहे. पर्यटकांसाठी असलेल्या मोकळ्या जागेतच गाडी लावा. इमारतींत विद्यार्थी आणि संशोधक मुक्कामाला असतात, त्यामुळे खोल्यांत डोकावू नये आणि आवाज बेताचा ठेवावा.

आता क्रम. पहिल्यांदा तळ्याभोवतीची पाव मैलाची पायवाट चालून घ्या. ती सपाट आहे, माहितीफलक लावलेले आहेत आणि ज्येष्ठांनाही सहज जमते. या तळ्याचे नाव लेक टुएन्डे. ते आणि भोवतालचा बहुतेक देखावा कर्टिस हाउ स्प्रिंगर या माणसाचा आहे. रेडिओवरून प्रवचने देणाऱ्या आणि कसलीही पदवी नसताना स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या या गृहस्थाने १९४४ मध्ये खाणकामाचा दावा दाखल करून येथील हजारो एकर सरकारी जमीन ताब्यात घेतली, इंग्रजी शब्दकोशातला शेवटचा शब्द आपल्या जागेचा असावा म्हणून 'झायझिक्स' हे नाव रचले आणि आरोग्यधाम थाटले. बांधकामासाठी त्याने लॉस एंजेलिसच्या स्किड रो वस्तीतली बेघर माणसे आणली. खनिज पाण्याची म्हणून जी गरम स्नानकुंडे पाहुणे वापरत, त्यांतले पाणी बॉयलरवर तापवलेले असे. खाणकाम कधी झालेच नाही. अखेरीस १९७४ मध्ये सरकारने त्याला जागेवरून बाहेर काढले. रिकाम्या स्नानकुंडांचे अवशेष आजही दिसतात. ते पाहायला हरकत नाही, पण त्यांत उतरू नये, कारण बांधकाम जुने आणि ठिसूळ झालेले आहे.

इतके असूनही या तळ्याकडे निव्वळ बनावट म्हणून पाठ फिरवू नये, कारण त्यात मोहावी टुई चब हा मासा आहे. मोहावी नदीचा हा एकमेव मूळनिवासी मासा. बाहेरून आणलेल्या एका जवळच्या जातीशी संकर होत होत नदीतून तो नाहीसा झाला आणि १९६० च्या दशकात शुद्ध स्वरूपात केवळ या परिसरातल्या एका छोट्या झऱ्यात उरला. १९७० मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त जातींत झाली. मूळ झऱ्यात उरलेल्या त्या थोड्या माशांपासून वाढवलेली प्रजा पुढे स्प्रिंगरच्या तळ्यात जगली आणि तेथून आणखी काही ठिकाणी नेऊन सोडली गेली. एका भोंदू वैद्याने खोदलेल्या तळ्याने एक जात वाचवायला मदत केली, हे मला या जागेचे सर्वांत मजेशीर सत्य वाटते. काठावर सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने दोन-तीन मिनिटे स्थिर उभे राहा. पाणवनस्पतींच्या कडेने पितळी-करड्या अंगाचे बोटभर, क्वचित वीतभर मासे संथपणे सरकताना दिसतात आणि आपण हात हलवला की क्षणात खोल जातात.

त्यानंतर दक्षिणेकडे, इमारती मागे टाकून, पात्राच्या कडेने चालू लागा. थोड्याच अंतरावर चुनखडीची एक एकाकी टेकडी लागते. तिच्या पायथ्याशी लव्हाळ्यांनी वेढलेले, काही पावलांत संपणारे एक डबके आहे, तेच एमसी स्प्रिंग. या आद्याक्षरांमागचे नाव वर सांगितलेल्या चब माशावरूनच आलेले आहे, कारण तो मासा अखेरच्या काळात येथे टिकून होता. फलक किंवा कुंपण असेल तर बाहेरूनच पाहावे. काठची माती मऊ आहे आणि आपल्या एका बुटाने ढासळलेला काठ डबक्याच्या आकाराच्या मानाने मोठा असतो.

हे पाणी येथेच का वर येते, ते जागेवर उभे राहूनच नीट समजते. मोहावी नदी सॅन बर्नार्डिनो पर्वतात उगम पावते, समुद्राकडे पाठ करून वाळवंटात शिरते आणि बहुतेक अंतर वाळूखालून वाहते. तिचा शेवट या सोडा लेकच्या खोलगट भागात होतो. जमिनीखालून आलेले पाणी पश्चिमेच्या डोंगराचा कातळ आणि तेथील भूस्तरभंग यांच्यापाशी अडते व पायथ्याच्या रेषेवर ठिकठिकाणी झिरपून वर येते. म्हणून सोडा स्प्रिंग्ज हे नाव अनेकवचनी आहे. एकच एक मोठा झरा शोधत बसू नये. पायथ्याच्या कडेने जेथे जेथे लव्हाळे, खारे गवत किंवा मेस्किटची झुडपे दिसतील, तेथे तेथे पाणी हातभर खाली आहे असे समजावे. हिमयुगात हे सारे पात्र भरलेले एक मोठे सरोवर होते आणि त्याच्या जुन्या काठांच्या रेषा तिरप्या उन्हात उतारांवर ओळखू येतात.

टेकडीजवळून पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, की मार्ल स्प्रिंग्जकडून येणारा कोरडा टप्पा पूर्ण दिसतो. येथे वेळ काढून थांबावे. मुलांना इतिहास सांगायचा असेल, तर तो गाडीत न सांगता या ठिकाणी सांगावा.

सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर मागच्या कड्यांवर दुर्बीण लावावी. रानमेंढ्या पाण्यासाठी खाली उतरतात. त्यांचा रंग खडकासारखाच असल्यामुळे आधी पाठीमागचा पांढरा डाग हलताना दिसतो, मग मेंढी. तळ्यावर कूट पक्षी, म्हणजे आपल्या वारकरी पक्ष्याच्या जातकुळीतले, हमखास भेटतात.

६. सोडा लेकच्या पात्रावर जायचे असल्यास

कडेने थोडे पायी चालावे. गाडी मात्र कोणत्याही परिस्थितीत पात्रात घालू नये. वरचा थर पांढरा, वाळलेला आणि फरशीसारखा कठीण दिसतो. बुटाखाली तो कुरकुरतो, टाचेने जरा दाबला की त्याखालून करडा, ओला, चिकट चिखल वर येतो. माणसाच्या वजनाला पेलणारा थर गाडीच्या चाकाला पेलत नाही आणि रुतलेली गाडी ओढून काढायला येणाऱ्या वाहनाचे बिल वेगासमधल्या मुक्कामाच्या खर्चापेक्षा जास्त होऊ शकते. शिवाय आखलेल्या रस्त्याबाहेर गाडी चालवणे प्रिझर्व्हमध्ये कायद्याने निषिद्ध आहे.

मूळ मोहावी वाट पात्राच्या मधून जाते आणि त्या वाटेवर प्रवाशांनी आपापला एकेक दगड टाकून वाढवत नेलेली एक मोठी रास आहे. वर एक धातूची पाटी आहे. तिच्यावर काय लिहिले आहे ते न आलेल्यांना सांगायचे नाही, असा प्रघात आहे आणि तो मीही पाळतो. तेथे पोहोचण्यासाठी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी, पात्र कोरडे असल्याची खात्री आणि सोबत दुसरी गाडी हवी. पहिल्या भेटीत तो बेत आखू नये.

७. मनाई असलेल्या गोष्टी

तळ्यात किंवा झऱ्यात उतरू नये, पाय बुडवू नयेत, माशांना खाऊ घालू नये. पाणी पिऊ नये. जुन्या प्रवाशांनी ते प्यायले असले, तरी त्यांच्यापुढे पर्याय नव्हता आणि क्षारांमुळे ते मचूळ लागत असे. ड्रोन उडवण्यास बंदी आहे. जुने खिळे, बाटल्यांच्या काचा, दगडी हत्यारांचे तुकडे दिसले तर फोटो काढून तेथेच ठेवावेत. उचलणे हा संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे. कुत्रा सोबत असल्यास पट्टा बांधलेला हवा. मुक्काम येथे करता येत नाही, म्हणून अंधार पडण्यापूर्वी फ्रीवेवर परत यावे. दगडाखाली किंवा झुडपात हात घालू नये, कारण हिवाळा संपला की रॅटलस्नेक बाहेर पडतात.

८. वेळ आणि गाडी दोन्ही चांगली असल्यास

त्याच वाटेवरचा दुसरा झरा पाहायचा असेल, तर रॉक स्प्रिंग निवडावा. बेकरहून केलबेकर रोडने केल्सो, तेथून सीमा (Cima) नावाच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याने सीडर कॅन्यन रोड असा मार्ग आहे. शेवटचा भाग कच्चा आहे आणि उंच चाकांची गाडी असलेली बरी. सोडा लेक समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आत आहे, तर रॉक स्प्रिंग त्याहून कित्येक पटींनी उंचावर असल्यामुळे तेथे हवा लक्षणीय थंड असते. खडकांच्या घळीत साचणारे पाणी, १८६० च्या दशकातील लष्करी ठाण्याची जागा आणि जवळच बर्ट स्मिथ या पहिल्या महायुद्धातील सैनिकाने १९२९ मध्ये बांधलेले दगडी घर, एवढे एका मैलाच्या फेरीत पाहून होते. विषारी वायूने अधू झालेल्या फुप्फुसांसाठी कोरडी हवा हवी म्हणून तो येथे आला आणि अनेक वर्षे राहिला. वाटेत केल्सोचे १९२४ मधील रेल्वे स्थानक आहे. त्याचे अभ्यागत केंद्र सुरू आहे की नाही, ते आधी पाहून घ्यावे.

इतका वेळ नसेल तर परतीच्या वाटेवर, एक्झिट २२१ ला, ॲफ्टन कॅन्यन आहे. वाळूखालून वाहणारी मोहावी नदी तेथे थोड्या अंतरापुरती पृष्ठभागावर येते, आणि सोडा स्प्रिंग्जला जे पाणी झिरपताना पाहिले त्याची वाटचाल त्यामुळे पूर्ण होते. पायूट स्प्रिंगला जाणारा रस्ता फारच खराब असल्यामुळे नवख्यांना मी तो सुचवत नाही.

९. वेगासकडून येणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना

नेवाडातून कॅलिफोर्नियात शिरल्यावर, झायझिक्सच्या बऱ्याच आधी, आय-१५ वर राज्याच्या कृषी खात्याचा तपासणी नाका लागतो. तेथे गाडीत फळे, भाज्या किंवा रोपे आहेत का, असे विचारतात. नातेवाइकांकडून घेतलेले कढीपत्त्याचे रोप किंवा ताज्या कढीपत्त्याची जुडी डब्याच्या पिशवीत असण्याची शक्यता मराठी गाडीत बरीच असते, आणि लिंबूवर्गीय झाडांवर रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही वाढत असल्यामुळे त्याच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत. विचारल्यावर खरे सांगावे, मागितले तर देऊन टाकावे. रोप असेल तर ते वेगासलाच ठेवून निघणे सर्वांत सोपे, म्हणजे नाक्यावरचा वेळ वाचतो आणि झऱ्यावर ऊन चढण्याआधी पोहोचता येते.